गढीतली बारव आणि सोफ्यावरून जाणारी वाट

लिहून ठेवणार: सरस्वतीबाई भ्र. उत्तरेश्वर गव्हाणे, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळदरा, तालुका माजलगाव, जिल्हा बीड.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि तपकिरीशिवाय कसली नशा नाही. दिंद्रुडच्या डॉक्टरांनी मला तपासून मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा दाखला दिला आहे. मी रागात आहे हे त्यांनाही दिसले, पण राग हा काही आजार नाही, असे ते म्हणाले. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते शुद्धीत आणि रागात, दोन्हीत लिहिले आहे असे समजावे. माजलगावचे वकीलसाहेब मी सांगते तसे लिहून घेत आहेत. काही ठिकाणी ते म्हणतात, "हे कायद्यात बसत नाही, बाई." मी म्हणते, बसत नसेल तर उभे राहू द्या, पण लिहा.

१. मिळकत माझ्याकडे कशी आली ते आधी सांगते, म्हणजे माझ्या पश्चात कोणी "आम्हाला माहीतच नव्हते" म्हणायला नको. माझे यजमान उत्तरेश्वरराव आणि धाकटे दीर बबनराव यांच्या वाटण्या बाहत्तरच्या दुष्काळात झाल्या. आमच्यात रिवाज असा की थोरल्याने वाटण्या पाडायच्या आणि धाकट्याने आधी उचलायची. मालकांनी दोन वाटण्या पाडल्या. एकीत गढी आणि सिंदफणेच्या काठचे काळे रान. दुसरीत माळावरचे तीन एकर, वेशीजवळचे दोन खणांचे घर, आणि गढीच्या आतली दगडी बारव, मोठ्या दरवाजातून बारवेपर्यंत बैलगाडी जाईल एवढ्या वाटेसह. गढीतली बारव गढीपासून का तोडली, असे मी विचारले होते. मालक म्हणाले, "गढी अन् पाणी एका हाताला लागलं की माणूस माजतो."

बबनरावांनी अर्थातच गढी उचलली. बारव तेव्हा कोरडी होती, निम्मी ढासळलेली, आत बाभळी. ते हसून म्हणाले, "दादा, गढी मला, खड्डा तुला. मागनं रडू नको." आम्ही रडलो नाही. दस्त रजिस्टर झाला. मालकांच्या मागे ती बारव आणि वाट माझ्या नावावर लागली ती आजतागायत आहे.

२. पुढे सिंदफणेवर धरण झाले. काळे रान निम्मे पाण्यात गेले, त्याचा मावेजा बबनरावांना मिळाला. उरलेले पाण्याच्या काठाला आले, त्याला सोन्याचा भाव आला. ज्याचे नशीब फळते त्याचा बैलही दूध देतो. दीर आधी सहकारी कारखान्याचे संचालक झाले, मग चेअरमन. मग त्यांनी पुण्याच्या एका बिल्डरला गढी आणि काठ दिला, आणि तिथे 'सिंधुतीर हेरिटेज रेसिडेन्सी' उभी राहिली. जुन्या गढीची डागडुजी करून आत आणि बाजूने श्रीमंतांचे फ्लॅट. ट्रक भरभरून वाळू आणून काठावर पसरली आणि तिला बीच म्हणू लागले. यंदा पाणी हटत हटत पार लांब गेले आहे. बीचवर म्हशी बसतात. ते बघून माझे जेवण चांगले जाते.

बिल्डरच्या लोकांनी बारवही उपसली. ढासळलेले चिरे जुन्यासारखेच घडवून बसवले, गाळ काढला, खालचा झरा मोकळा केला. पायऱ्यांवर दिवे लावले. पाहुण्यांना पोहायला म्हणून. त्यांना वाटले बारव गढीची, आणि बबनरावांनी ते खोडून काढले नाही. माझा मुलगा धर्मराज याने "आमच्या थोरल्या घराची काही हरकत नाही" असे लिहून दिले. हरकत नसायला मिळकत त्याची असावी लागते, एवढे त्याला इंजिनिअर होऊनही कळले नाही. बदल्यात दुसऱ्या मजल्यावर पाण्याकडे तोंड असलेला फ्लॅट त्याला सवलतीत मिळाला.

३. सोळा सालचा उन्हाळा. गावात टँकर यायचा तो आठवड्याने, तोही कारखान्याच्या माणसांच्या दारात आधी. आणि गढीतल्या बारवेत पुरुषभर पाणी. मालक मोठ्या दरवाजात गेले. मागे घागरी घेतलेल्या बाया, सगळ्यांत पुढे शहादेवची बायको कडूबाई. हे नवरा-बायको दरसाल ऊसतोडीला जातात आणि उरलेले महिने आमचे माळाचे रान करतात. मीही त्या घोळक्यात होते, म्हणून जे बोलणे झाले ते ऐकीव नाही.

मालक म्हणाले, "बबन, दार उघड. बारव माझी हाय."

दीर आतून म्हणाले, "दादा, चाळीस वर्सं झाली त्या गोष्टीला. दाराच्या आत हाय ते दारवाल्याचं. जा घरी. पावणे बघायलेत."

मालक वाटेत बसून राहिले. मग पहारेकरी सटवा याच्या सहीने तक्रार लिहिली गेली आणि माझ्या नवऱ्याला, ज्याने या धाकट्या भावाला खांद्यावर बसवून शाळेत पोचवले होते, पाणीचोर म्हणून ठाण्यात नेऊन बसवले. जीपमध्ये चढवताना त्यांचा पटका पडला. कडूबाईने तो उचलला. दुसऱ्या हातातली घागर मात्र तिने शेवटपर्यंत सोडली नाही. धर्मराज पुण्याहून आला, ठाण्यातून बापाला सोडवले, आणि गाडीत म्हणाला, "बाबा, काकांची माफी मागून विषय संपवा." मालकांनी माफी मागितली नाही. ते घराबाहेर पडायचेच थांबले. त्याच आषाढात गेले.

जाताना मला म्हणाले, "ऐकलं का, तू हायेस तवर बबनला कोर्टात उभा करू नको. आईला शबूद दिलाय मी, त्याला संभाळीन म्हून."

मी म्हणाले, "मी हाय तवर न्हाई करणार." एवढाच शब्द दिला आणि तो पाळला. म्हणून हे मृत्युपत्र. मी गेले की माझा शब्दही सुटला, हे बबनरावांनी ध्यानात घ्यावे.

४. आता वाटप. सदर बारव आणि मोठ्या दरवाजापासून तिच्यापर्यंतची वाट मी कडूबाई भ्र. शहादेव हिला देत आहे. अट एकच. पाणी भरायला आलेल्या कोणालाही, कोणत्याही जातीच्या, कोणत्याही गावच्या माणसाला अडवायचे नाही आणि वाटेवर कुलूप लावायचे नाही. ग्रामपंचायतीला द्या असे वकील सुचवत होते. ग्रामपंचायत कोणाच्या खिशात आहे ते वकिलांना माहीत नसेल, मला माहीत आहे.

त्या वाटेवर सध्या काचेचे दार, संगमरवरी फरशी आणि पांढरे सोफे आहेत. मी मोजणी करून घेतली आहे. वाट बरोबर सोफ्यावरून जाते. सोफे उचलावेत. घागर हिंदकळून फरशी ओली झाली तर ज्याची फरशी त्याने पुसावी. बैलगाडीचा हक्क आहे, तेव्हा कोणी गाडीत पिंप घालून आला तर काचेचे दार काढून ठेवावे. बैलाला काच कळत नाही.

बिल्डरने बारवेचे काम फार चांगले केले. ते आम्हाला सात जन्मात झाले नसते. त्याबद्दल आभार. बिल पाठवू नये. दिवे राहू द्यावेत, पहाटे पाण्याला येणाऱ्या बायांना पायऱ्या दिसतील.

५. "इतकी वर्षे कोणी वापरली नाही, हक्क बुडाला" असे विरुद्ध बाजूचे वकील म्हणतील. त्यांच्यासाठी सांगते. बारवेत साती आसरांचे ठाणे आहे. दरवर्षी चैत्रात त्यांची ओटी भरायला मी मोठ्या दरवाजातून त्याच वाटेने जात आले, एकही चैत्र चुकवला नाही. रेसिडेन्सीवाल्यांनी तर मला कधी अडवले नाही, उलट पाहुण्यांना बघायला परंपरा हवी म्हणून मला खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे. नऊवारीत, हातात ताट, बारवेच्या पायरीवर उभी, असा माझा फोटो त्यांनी आपल्या रंगीत जाहिरातीत दर साली छापला, खाली साल घालून. त्या सगळ्या जाहिराती वकिलांकडे आहेत. माझ्या वहिवाटीचा एवढा सुंदर पुरावा मला स्वतःला जमला नसता. फोटो काढताना पोरगा म्हणायचा, "आजी, हसा." मी मनापासून हसत असे.

६. माळाचे तीन एकर आणि वेशीजवळचे घर कडूबाई आणि शहादेव यांना. ते रान त्यांच्याच घामावर पिकले.

७. मुलगा धर्मराज यास त्याच्या वडिलांचा पटका. ठाण्यासमोरची माती त्याला लागली आहे ती मी धुतलेली नाही. तो त्याने फ्लॅटच्या दिवाणखान्यात, पाण्याकडे बघणाऱ्या खिडकीजवळ टांगावा. अग्नी त्यानेच द्यावा, तो माझा मुलगा आहे आणि त्याच्यावर माझी माया आहे. माया आहे म्हणूनच त्याला बाकी काही देत नाही. पहारेकरी सटवाची नोकरी होती, म्हणून त्याने तक्रारीवर सही केली. त्याला मी माफ केलेले नाही, पण त्याच्या बायकोने बारवेवर सगळ्यांच्या आधी भरले तरी माझी हरकत नाही.

८. बबनरावांनी मला खांदा देऊ नये. स्मशानात भाषण करू नये. कारखान्याच्या फाटकावर माझा फोटो बोटाएवढा आणि स्वतःचा हातभर असा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नये. त्यांना पाण्याची बंदी नाही, हे मुद्दाम लिहिते. त्यांनी यावे, स्वतः घागर घेऊन यावे, ड्रायव्हर पाठवू नये, आणि रांगेत शेवटी उभे राहावे. तेराव्याला हे मृत्युपत्र मोठ्या दरवाजात मोठ्याने वाचावे आणि त्यांना बसायला खुर्ची द्यावी, ऐकताना लागेल.

९. माझ्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या मी धाकटी जाऊ भिवराबाई, म्हणजे बबनरावांची पत्नी, हिला देणार होते. डोळे तपासायचे म्हणून ती आज माझ्याबरोबर जीपने माजलगावला आली आणि सकाळपासून इथे बसून आहे. दुसरा साक्षीदार तेलगावहून यायचा होता, तो ऐन वेळी आला नाही. चेअरमनच्या विरुद्ध सही करायला छाती लागते, मी त्याला दोष देत नाही. भिवरा म्हणाली, "मी करू का?"

वकील म्हणाले, "साक्षीदाराला यातून काही मिळता कामा नये. पाटल्या तरी घ्या, नाहीतर सही तरी करा."

मी तिला म्हणाले, "पाटल्या घे भिवरा. तुला त्याच घरात जायचंय."

बबनरावांनी तिला महिला पतसंस्थेची अध्यक्ष केले होते. सही करायला त्यांनीच शिकवले, समोर बसवून, पाटीवर गिरवून घेऊन. मग ठरावाच्या कागदावर हात ठेवून वरचा मजकूर झाकायचे आणि म्हणायचे, इथं कर. आज वकिलांनी तिला वरचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "पाटल्या ठिवा अक्का. सही कुठं करू?"

"घरी काय सांगशील?"

"ईचारलं तर सांगन. न्हाई ईचारलं तरी सांगन."

सबब पाटल्याही कडूबाईस द्याव्यात.

ठिकाण: माजलगाव. दिनांक १२ जून २०१९.

लिहून ठेवणार:
(सही) सरस्वतीबाई भ्र. उत्तरेश्वर गव्हाणे

आमच्या समक्ष सही केली म्हणून साक्षीदार:

१. (सही) सुंदरराव, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार दिंद्रुड

२. (सही) भिवराबाई भ्र. बबनराव गव्हाणे, राहणार चेअरमन बंगला, मौजे पिंपळदरा. मजकूर वाचून घेतला.