तिसऱ्या साक्षीदाराची सही

मी, कुमारी रेमेदिओस मागसिनो, वय वर्षे एक्क्याऐंशी, पेशाने कोर्टाची स्टेनो, राहणार लिपा, प्रांत बातांगास, आज बुधवारी सकाळी पोटभर न्याहारी करून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. कान कमी झाले, गुडघे तर केव्हाच गेले, पण डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने येऊन दिवाणी कायद्याचे कोणतेही कलम मला विचारावे.

सबंध मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिले असेल तर आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी मी तिघांना बोलावले आहे. मला या कामात फट ठेवायची नाही.

निमित्त असे. पुढच्या महिन्यात माजी सरन्यायाधीश व राजदूत क्रिसांतो दिमायुगा यांचा अर्धपुतळा गावच्या चौकात बसणार आहे. त्यांचा पुतण्या बेन्हामिन याने त्यासाठी पुस्तिका छापली आहे. तिच्यात लिहिले आहे की अखेरच्या दिवसांत साहेबांची बुद्धी काम देईनाशी झाली होती, आणि ज्या नियमाच्या निकालाने त्यांचे नाव झाले, तोच नियम ते स्वतःच्या मृत्युपत्रात विसरले. हे धादांत खोटे आहे. चौदा वर्षे मी गप्प राहिले. मेल्यावर राहणार नाही.

कलम १. माझा टाइपरायटर कॉन्व्हेंटच्या मुलींच्या शाळेला द्यावा. त्याचे एक अक्षर अडकते, त्याला वरून थोपटावे लागते. यावर मी अडतीस वर्षे साहेबांचे निकाल टाइप केले. साहेब मिठागरावरच्या मजुराचे पोर. उन्हात मीठ ओढून त्यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या, त्या सरन्यायाधीश झाल्यावरही बुजल्या नाहीत. बुटांतून रक्त आले की ते खुर्चीतच पाय बदलून बसत, पण वकिलाचे बोलणे तोडत नसत.

कलम २. भाजलेले मांस वाढायची माझी मोठी परात शेजारीण आलिंग पासिंग हिला. परातीला इतिहास आहे. साहेब जिल्हा न्यायाधीश असताना एका बड्या जमीनदाराने त्यांच्या नावदिनाला, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या सणाला, अख्खे भाजलेले डुक्कर पाठवले. जमीनदाराचा भाऊ तेव्हा मारामारीच्या खटल्यात आत होता. साहेब म्हणाले, "रेमे, परत पाठवलं तर अन्नाचा अपमान. तुरुंगात पाठव. आणि पोच लिहून घे." या परातीतून ते डुक्कर तुरुंगात गेले, जमीनदाराच्या भावानेही त्यातले खाल्ले, आणि सहा महिन्यांची शिक्षाही खाल्ली. पोच मी जमीनदाराला टपालाने पाठवली.

कलम ३. साहेबांचा काळा झगा त्यांनी मला हयातीतच दिला होता, तो प्रांताच्या संग्रहालयाला. धुऊ नये. त्याच्या डाव्या बाहीवर शाईचा डाग आहे, तो ज्या दिवशी पडला त्या दिवशीची हकिगत अशी. साहेब सरन्यायाधीश होते. एका निकालाच्या आदल्या दुपारी वरून फोन आला. कोणाचा, ते लिहीत नाही, त्यांची नातवंडे चांगली आहेत. साहेबांनी ऐकून घेतले आणि फोनमध्ये म्हणाले, "जरा सावकाश बोला हं. माझी स्टेनो दुसऱ्या फोनवर आहे, सगळं उतरवून घेतेय." पलीकडून फोन आदळला. साहेब इतके हसले की दौत सांडली. दुसऱ्या दिवशी निकाल जसा लागायचा तसाच लागला.

निवृत्तीनंतर त्यांना कैरोला राजदूत करून पाठवले. मानासाठी की लांब ठेवण्यासाठी, देव जाणे. मीही चिटणीस म्हणून गेले. तिथे मी खारा मासा तळला की शेजारची वकिलात लेखी तक्रार करी, आणि साहेब लेखी माफी मागून मला म्हणत, "आणखी दोन तळ." मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या एका जहाजावरचे आमचे अकरा खलाशी बंदरात अडकले, तेव्हा बहात्तर वर्षांचा हा माणूस अननसाच्या धाग्याचा बारोंग सदरा घालून बंदराच्या फाटकात खुर्ची टाकून बसला. तीन दिवस. अधिकारी चहा पाठवी, साहेब पीत, उठत मात्र नसत. चौथ्या दिवशी अकराही खलाशी आमच्याकडे जेवायला होते.

लोकांनी माझ्या लग्न न करण्यावरून पुष्कळ जिभा चालवल्या. साहेब विधुर, निपुत्रिक, आणि मी सावलीसारखी मागे, मग जिभांना दुसरे काय काम! म्हणून स्वच्छ लिहिते. माझे त्यांच्यावर प्रेम होते. त्यांना ते माहीत होते की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी सुनावणीला आला नाही.

कलम ४. बेन्हामिन दिमायुगा यास दोन वस्तू. पहिली, साहेबांचा दिवाणी कायदा, ज्यात साक्षीदाराचे कलम लाल पेन्सिलीने अधोरेखित आहे. दुसरी, टेकडीवरच्या लहान घराची किल्ली. त्याने कुलूप बदलले, किल्ली मागायचे राहून गेले.

ते घर साहेबांनी मला लिहून दिले होते. ते मला का मिळाले नाही, ते आता सांगते.

१९४९ साली साहेबांपुढे तोमासा नावाच्या बाईचा खटला आला. तिने एका म्हातारीची एकोणीस वर्षे सेवा केली होती. म्हातारीने मृत्युपत्रात तिला घर दिले. ते दुसऱ्याने लिहिलेले, म्हणून तीन साक्षीदार लागतात; तिसरा आलाच नाही, म्हातारी तर घटका मोजत होती, म्हणून तोमासानेच सही केली. आणि कायदा असा की मृत्युपत्रावर जरुरीचा साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्यातले काही मिळत नाही. कागद टिकतो, त्याची देणगी बुडते. घर म्हातारीच्या मनिलातल्या भाच्याकडे गेले. तोमासा कोर्टात म्हणाली, "जजसाहेब, मला काय ठाऊक? तिचा जीव अडकला होता, मी सही केली." साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "निकाल बरोबर आहे, रेमे. पण तो देणारा हात मला आज आवडत नाही." हाच निकाल पुढे कायद्याच्या पुस्तकांत गेला.

आता १९८४. साहेब अंथरुणाला खिळलेले, हात थरथरणारा, त्यामुळे स्वहस्ते लिहिणे अशक्य, कशीबशी सही तेवढी होई. त्यांनी मृत्युपत्र सांगितले, मी टाइप केले. कॉफीचा सगळा मळा तोमासाची नात लिगाया हिला. टेकडीवरचे घर मला. बाकी बेन्हामिनला. सहीच्या दिवशी वादळ आले, पूल पाण्याखाली गेला. नोटरी आदल्या रात्रीच मुक्कामाला आला होता, पण कायद्याने तो साक्षीदार होऊ शकत नव्हता. डॉक्टर होते, पाद्री होते. तिसरा साक्षीदार नदीपलीकडे. घरात उरली स्वयंपाकीण, तिला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि मी.

डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत थांबू नका."

तिसरी सही झाली नसती तर मृत्युपत्रच झाले नसते. मळा, घर, सगळे पुतण्याला, आणि तोमासाच्या घराण्याला दुसऱ्यांदा काही नाही. मी पेन उचलले. साहेबांनी कागदावर हात ठेवला.

"रेमे, कायदा माहीत आहे ना?"

"अडतीस वर्षं टाइप केलाय, साहेब."

"घर जाईल तुझं."

"जाऊ दे. हात काढा."

"मी नाही म्हणतोय."

"आजवर तुमचा एक हुकूम मोडला नाही, एवढा मोडते. हात काढा म्हणते ना!"

त्यांनी हात काढला. मी सही केली. पहाटे ते गेले.

नऊ दिवसांच्या प्रार्थनेत बेन्हामिन चारचौघांत म्हणाला, "काय मिस रेमे, जन्मभर कायदा बडवलात आणि शेवटी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात?" मी त्याला भात वाढला. कारण लिगाया शेजारी बसली होती. माझे घर देऊन तिचा मळा वाचला हे तिला कळले असते, तर या मानी पोरीने मळ्याचे एक पानसुद्धा घेतले नसते. तिला वाटले मी चुकले. म्हातारी बेघर झाली म्हणून तीच मला स्वतःच्या घरी घेऊन आली, आणि चौदा वर्षे माझे पाय चेपते आहे. बाळ, आता तुला कळलेच. रडायचे नाही. मळा तुझा आहे.

कलम ५. माझे बाकीचे सर्व, म्हणजे बँकेतले थोडे पैसे, कानातली, आईची जपमाळ आणि कॉफी दळायचे यंत्र, लिगायाला. म्हणून आज तिला सही करू दिलेली नाही. ती मला लोला, म्हणजे आजी, म्हणते. दाराबाहेर उभी राहून सारखी विचारते आहे, "लोला, मला एकटीलाच का बाहेर काढलं?" वाचल्यावर समजेल.

कलम ६. लघुलिपीच्या माझ्या बेचाळीस वह्या माझ्याबरोबर पुराव्यात. माझी लिपी आता कोणाला वाचता येत नाही. फक्त बेचाळिसाव्या वहीचे शेवटचे पान येथे उतरवून देते, म्हणजे साहेबांच्या बुद्धीचा निवाडा ज्याचा त्याने करावा. मी सही केल्यावर ते बराच वेळ त्या सहीकडे पाहत होते. मग म्हणाले, "वही आण." आणि सांगितले ते असे:

"या न्यायालयाने दोन स्त्रियांच्या सह्या पाहिल्या. एकीने कायदा न जाणता सही केली, आणि न्यायालयाने तिचे घर घेतले. दुसरीने कायदा पुरता जाणून, न्यायालयाची मनाई असताना सही केली, आणि स्वतःचे घर दिले. पहिलीच्या बाबतीत कायदा बरोबर होता. दुसरीच्या बाबतीतही बरोबर आहे. दोन्ही वेळा तो पुरा पडला नाही, एवढी नोंद व्हावी."

ते थांबले. मी विचारले, "पुढे, साहेब?"

"पुढचं घरगुती आहे," ते म्हणाले. "लिहू नकोस."

मग ते बोलले. मी पेन खाली ठेवून ऐकले. ते एक वाक्य कोणत्याही वहीत नाही. ते मी कोणाला देत नाही, त्यावर कोणाचा वारसा नाही, ते माझे आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे.

लिपा, बातांगास, १४ ऑक्टोबर १९९८
(सही) रेमेदिओस मागसिनो

साक्षीदार, या मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे:

१. (सही) होनोरिया कास्तियो, निवृत्त शिक्षिका
२. (सही) अनाक्लेतो बुनये, घड्याळदुरुस्तीवाले
३. (सही) डॉ. पांतालेऑन मारासिगान. १९८४ च्या मृत्युपत्रावरही माझी सही आहे. साहेब पूर्ण शुद्धीत होते. बाईंनी न लिहिलेले वाक्य त्या दिवशी मलाही ऐकू आले होते. मीही लिहीत नाही.