पावाच्या दुकानातला नमस्कार

वेतुरिया ताई,

काल पावाच्या दुकानात तू मला "प्रभूची शांती" म्हणालीस आणि मी "नमस्कार" म्हणून तोंड फिरवलं. चर्चच्या मंडळीतून काढलेल्या माणसाला शांती द्यायची नसते, परक्यासारखा नुसता नमस्कार करायचा, हे लहानपणी तूच मला शिकवलंस.

तुला मंडळीच्या पाळकाने, माझ्या नवऱ्यानेच काढलं. औषध घेणाऱ्याचा विश्वास कच्चा, असं तो उपदेशात सांगत होता आणि तू बायबल उघडून उभी राहिलीस. "लूक स्वतः वैद्य होता. पौलाने तीमथ्याला पोटासाठी द्राक्षारस घ्यायला सांगितलं. ते दोघेही कच्चेच का रे, ट्रायान?" मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. ते हसणं तुला भोवलं.

ताई, माझ्या छातीत गाठ आहे. ट्रायानने प्रार्थना केली आणि रविवारी मला सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं, "सावेता बरी झाली." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. घरी "अजून दुखतंय" म्हटलं, तर म्हणतो, "बहिणीचं वारं लागलंय तुला." आता क्लूज शहरातल्या दवाखान्यात गेले तर तो खोटा ठरतो.

तुला चारचौघांत शांती दिली, तर मलाही काढतील. काढलेल्या बाईला दवाखान्यात जायला कुणी अडवत नाही. रोज हेच ठरवून दुकानात येते आणि तू दिसलीस की तोंडातून भलतंच निघतं. हे पत्र चुलीतच जाणार आहे, तेव्हा निदान इथे तरी शांतीचा तो शब्द लिहून संपवते.

नमस्कार.

सावेता