सुरमईखाली आलेला होकार

।। श्रीदेव भैरी प्रसन्न ।।

मिरजोळे, रत्नागिरी
गुरुवार

तीर्थस्वरूप मैनाआत्येस नितेशचा वाकून, दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गेल्या आठवड्यात मृणालीने मला सुरमईखाली 'होय महाराजा' म्हटलं त्या क्षणी माझं आयुष्य पालटलं. हे मी तुला फोनवर सांगितलं आणि तू साऱ्या सावर्ड्याला सांगितलंस. आता कळवायचं ते असं की पालटलेलं आयुष्य काल पुन्हा पालटलं असून रविवारी मागणी घालायला तू अजिबात येऊ नकोस. नारळ आणून ठेवला असशील तर सोलकढीला वापर. कारण सविस्तर लिहितो, पण आधी रीत. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला रात्री शेजाऱ्यांना उठवण्याइतका आहे की कमी झाला? गाय व्याली का? इकडे आईचं देवाला नवस बोलणं आणि बाबांचं माझ्याशी न बोलणं दोन्ही नेमाने चालू आहे, म्हणजे दोघांच्या प्रकृती उत्तम. (फोन का नाही केलास असं म्हणशील. तुझा फोन काका उचलतात, उचलल्या उचलल्या स्पीकरवर टाकतात, आणि शेजारच्या मालनकाकी नेमक्या त्याच वेळी मीठ मागायला आलेल्या असतात. म्हणून हे पत्र चिपळूण गाडीच्या कंडक्टरबरोबर, आपल्या वाडीतल्या संदेशबरोबर, पाठवतोय. त्याला चहा दे, पत्र वाचायला देऊ नकोस.)

तर हर्षद. तुला आठवत असेल, लहानपणी तुझ्या पडवीत वाळत घातलेल्या फणसाच्या आठळ्या खिशात भरताना तू ज्याचा कान पिरगाळला होतास तोच. कान आणखी थोडा पिरगाळायला हवा होतास असं आता वाटतं. त्याने इथे मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, बर्फाच्या कारखान्यामागे, एक खोली घेऊन 'डिजिटल' असं काहीतरी लिहिलेली पाटी लावली आहे. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं (सोडलं म्हणजे सर म्हणाले, तुझ्यासारखे दहा आले नि गेले; मी अकरावा व्हायला नकार दिला आणि वर्गाचं दार असं आपटलं की काच माझ्याकडून भरून घेतली), तेव्हा याने मला कामाला ठेवलं. खोलीत भिंतभर फळ्या. फळ्यांवर जुने मोबाइल, काठीला बोंबील वाळत घातल्यासारखे वायरींना लोंबणारे. माझं काम त्यांच्यावरची धूळ पुसायची आणि कुणाची बॅटरी संपली ते बघायचं. बाकी ते सगळं आपलं आपण करतात. अनोळखी लोकांच्या मागे लागतात, त्यांच्या फोटोंना बदाम देतात, 'क्या बात है' म्हणतात, आणि समोरचा गहिवरून यांच्या मागे यायला लागला की काही दिवसांनी त्याला गुपचूप सोडून देतात. आत्ये, हेच एखाद्या पोराने पोरीच्या बाबतीत केलं तर वाडीतले लोक त्याची तंगडी मोडतील. हर्षद याला 'ग्रोथ' म्हणतो.

याची गिऱ्हाइकं म्हणजे आपल्या भागातली सालस माणसं. एक आंबेवाले आहेत. त्यांचे फॉलोअर हर्षदने महिन्याभरात असे वाढवले की त्यांनी गावभर पेढे वाटले. मग हंगाम आला आणि पेटी एकही उठेना, तेव्हा कळलं की ती सगळी जनता तुर्कस्तान आणि ब्राझीलमधली आहे, आणि त्यातले निम्मे तर माणसंच नाहीत. आंबेवाले बिचारे मला विचारत होते, नितेश, तिकडे पार्सल किती दिवसांत जातं रे? दुसरे अंजनवेलकडचे, खोल्या भाड्याने देणारे. त्यांच्या पेजवर पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं की तुमच्या न्हाणीघरात विंचू निघाला, तर यांच्या वतीने उत्तर गेलं, 'तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, पुन्हा अवश्य या.' हर्षद म्हणाला, बघ, उत्तर तर वेळेवर गेलं ना!

आता मृणाली. मृणाली म्हणजे तुझ्या शाळेतल्या यमुनाची, म्हणजे यमुनाबाईंची मुलगी. जेट्टीच्या रस्त्यावर मायलेकींचं सुक्या मासळीचं दुकान आहे. मृणाली लिलावाच्या वेळी जेट्टीवर जाऊन छोटे छोटे व्हिडिओ करते, ताजी मासळी कशी ओळखावी याचे. कल्ला उचलून दाखवते, डोळ्यात बघायला सांगते, बोटाने दाबते आणि म्हणते, 'खळगा राहिला तर घेऊ नका, विकणारा माझा काका असला तरी घेऊ नका.' आत्ये, एवढं सरळ बोलणारं माणूस मी आमच्या ऑफिसात बसून कुठे बघणार? मी तिचा प्रत्येक व्हिडिओ बघितला. मला मासे साफ करताना उलटी येते, तरी बघितला. आणि गेल्या आठवड्यात, सुरमईच्या व्हिडिओखाली, धीर करून लिहिलं: 'आपण ज्या नजरेने ताजी मासळी पारखता त्या नजरेने एकवार आमच्याकडेही पाहावे. आयुष्यभर आपली माशांची पाटी उचलण्याची तयारी आहे. मान्य असल्यास कळवावे.' पाणी पिऊन येतो तो खाली उत्तर: 'होय महाराजा'.

तू म्हणशील, दोन शब्दांवर एवढा नाचलास? पण आत्ये, ते दोन शब्द कोणते हे बघ ना. देवळात गाऱ्हाणं घालतात, गुरव एकेक वाक्य म्हणतो, सगळा गाव 'होय महाराजा' म्हणतो, की संपलं. त्यानंतर आपल्या गावात कुणी मागे फिरलेलं मला तरी माहीत नाही. विठूअण्णा एकदा डुलकीत 'होय महाराजा' म्हणाले आणि सभामंडप झाडायचं काम तेव्हापासून त्यांच्याकडे आहे. (त्यांना अजून कळलेलं नाही गाऱ्हाणं कशाचं होतं. पण झाडतात.) असा हा शब्द. मी त्याच्यावर विसंबून तुला फोन केला, आईला सांगितलं, भैरीला नारळ ठेवला, आणि दाढी कोरून घेतली.

काल सकाळी ऑफिसात आमचे एक गिऱ्हाईक, दातांचे डॉक्टर, लाल होऊन आले. त्यांच्या पेजवर एका पेशंटने लिहिलं होतं की डॉक्टरांनी माझा दुखरा सोडून शेजारचा दात उपटला. खाली डॉक्टरांच्या नावाने उत्तर: 'होय महाराजा'. आत्ये, माझ्या हातातलं धुळीचं फडकं गळून पडलं. डॉक्टर एकीकडे, 'मी असं कबूल कसं करीन? तो दात त्याचा त्यानेच दाखवला होता,' असं ओरडतायत, आणि मी दुसरीकडे हर्षदला विचारतोय की हे उत्तर कुणी दिलं. हर्षद खुशीत. म्हणाला, उत्तरं देणारं नवीन यंत्र बसवलंय, लॅपटॉपमधून चालतं, कुणी काहीही लिहू दे, याचं उत्तर ठरलेलं. म्हटलं, कुठल्या कुठल्या पेजांना? म्हणाला, 'सगळ्या रे. अस्सल कोकणी टच! ती सुक्या मासळीवाली आहे ना मृणाली, तिलाही चकटफू लावून दिलंय. म्हटलं तू मासे बघ, बोलायचं आम्ही बघतो.'

मी तसाच जेट्टीच्या रस्त्याला. माझ्या डोक्यात एकच, की तिला निदान विचारावं. तिथे बघतो तर दुकानापुढे बायकांची ही गर्दी. प्रत्येकीच्या हातात मोबाइल. कुणीतरी सुकटीचा भाव अर्ध्यावर मागितला होता, यंत्राने 'होय महाराजा' म्हटलं होतं, आणि ते बघून अख्खी आळी पिशव्या घेऊन हजर. यमुनाबाई कपाळ बडवत होत्या, 'काय गो पोरी, बुडवतेस की काय मला!' आणि मृणाली अर्ध्या भावाने मोजून देत होती. तोंडाने म्हणत होती, 'माझ्या नावाने शब्द गेलाय ना? मग मी पाळणार. उद्यापासून मात्र जुना भाव.' एवढं बघूनही मला अक्कल आली नाही. (बाबा म्हणतात त्यात तथ्य असावं.) मी गर्दीतून हात वर करून ओरडलो, 'मलाही शब्द दिलायस!'

'कसला? सुकटीचा की जवळ्याचा?'

मी मोबाइल पुढे केला. ते तिने तेव्हा पहिल्यांदा वाचलं, आत्ये. आणि मोठ्याने वाचलं. 'पाटी उचलण्याची तयारी'पर्यंत आली तेव्हा एका बाईने पिशवी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मृणाली म्हणाली, 'नितेश, हे तू लिहिलंयस? सुरमईच्या खाली? अरे, तिला तरी विचारलंस का?' यमुनाबाईंनी मला पावशेर सुकट बांधून दिली आणि म्हणाल्या, घरी जा बाबा, ऊन फार आहे. ती सुकट आमच्या मांजरीने खाल्ली.

परत येऊन मी हर्षदला जे बोललो ते इथे लिहिता येत नाही, कारण काकांना तू मोठ्याने वाचून दाखवशील. त्याचं म्हणणं ऐक: 'लग्नाच्या वरातीत भाड्याचे बँडवाले नसतात? ते काय नवऱ्याचे चुलते असतात? गर्दी दिसली की माणूस थांबतो, एवढंच.' मी म्हटलं, बँडवाला भाड्याचा आहे हे शेंबड्या पोरालाही दिसतं, त्याच्या अंगावर लाल कोट असतो. तुझ्या फॉलोअरांना घाल लाल कोट, मग बोल. त्यावर तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला, 'तू फार भावनिक आहेस, म्हणून तुझे फॉलोअर वाढत नाहीत.' आत्ये, लोकांना माणसं भेटल्यासारखं वाटायला लावायचं आणि आत कुणीच नाही, हा धंदा मला नको. आणि ज्या गावात होकार असा पोत्याने ओतून मिळतो तिथे मला लग्नही नको. मी आज डबा आणि हेल्मेट न्यायला म्हणून आलोय. हर्षद चहाला गेलाय तेवढ्यात त्याच्याच टेबलावर हे लिहितोय. रविवारी येऊ नकोस. मालनकाकींना सांग की मुलगाच नाही म्हणाला.

काकांना नमस्कार, गाईच्या पाठीवरून माझ्यातर्फे एकदा हात फिरव, आणि तुझ्या गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा, दगडाचं काळीज करून बसलेला,
नितेश

ता. क. पाकीट चिकटवत होतो तो दारात स्कूटी थांबली. मृणाली! हर्षदला 'माझ्या पेजवरचं ते भूत काढा' सांगायला आली होती. हर्षद चहावरून आला नव्हता. मला लॅपटॉपला हात लावायची मनाई आहे, तो मी लावला आणि तिचं यंत्र तिच्यासमोर बंद केलं. ती जायला वळली, मग थांबून म्हणाली, 'बाकीच्यांचा शब्द पाळला मी. तुझा तेवढा राहिला.' मी म्हटलं, तो यंत्राचा होता, तुझ्यावर बंधन नाही. म्हणाली, 'ते मला कळतं रे. मी काही हो म्हणत नाहीये. पण असलं विचारायचं तर मोठी माणसं घरी पाठवायची असतात, सुरमईखाली विचारत नाहीत. आई रविवारी घरी आहे.' एवढं म्हणून गेली. फळीवरचे सगळे मोबाइल लुकलुकत होते, आत्ये, मला एकदम त्यांची दया आली.

ता. क. दुसरा. तेव्हा वर जे काही लिहिलंय त्यातलं हर्षदविषयीचं सगळं खरं धर आणि तुझ्याविषयीचं उलट कर. रविवारी ये. सोलकढी केली असशील तर दुसरा नारळ घे. आणि येताना एकटी नको. यमुनाबाईंच्या घरात त्यांचे भाऊ, मेहुणे, जेट्टीवरचे लोक असं दहा-बारा जण सहज बसलेले असतात, आणि माझ्या बाजूने तू आणि खोकणारे काका एवढेच दिसलात तर कसं वाटेल? तेव्हा सावर्ड्याहून आठ-दहा माणसं आण. नात्यातली असलीच पाहिजेत असं नाही, नात्यातली दिसली म्हणजे झालं. टोपी घालणारी दोन-तीन असू देत. माझ्याविषयी चौकशी झाली तर कुणी काही बोलायचं नाही, (कॉलेजविषयी तर मुळीच नाही,) फक्त तू बोललीस की सगळ्यांनी एकदम 'होय महाराजा' म्हणायचं. मालनकाकींनाही आण, त्यांचा आवाज मोठा आहे.

ता. क. शेवटचा. उभ्याने लिहितोय, डबा काखेत, हेल्मेट डोक्यात. हर्षद आत्ताच आला. त्याला मी तोंडावर सांगितलं की तुझ्या खोटारड्या धंद्यात मी एक क्षण राहणार नाही, आणि तुम्हा सगळ्यांना सावर्ड्याहून आणायला त्याची सुमो सांगितली. तो 'घे की' म्हणाला, आणि विचारतोय, सोमवारी येणार ना रे कामाला? संदेशची गाडी सुटायची वेळ झाली. निघालो. दार आपटायचं कालपासून मनात होतं, पण रविवारी गाडी त्याची आहे, म्हणून हळूच ओढून घेतो.