साडूंचा डबा

४ फेब्रुवारी, सोमवार
खारूला डॉक्टरांकडे नेलं. खारू म्हणजे आमची लेक, वय नऊ. एडीएचडीची गोळी सुरू झाल्यापासून वर्गात बरी बसते, पण दुपारचा डबा तसाच परत आणते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळीनं भूक मरते. शाळेतून आली की घरचं, गोड, पौष्टिक काहीतरी द्या. मी विचारलं, साखर साफ बंद करून खजूर दिला तर शांत होईल का? म्हणाल्या, साखरेनं हे झालेलं नाही आणि खजुरानं जाणारही नाही. पोटात अन्न जाऊ दे, एवढंच.

येताना गाडीत ही म्हणाली, ताईकडे खारू खजुराचे गोळे मागून मागून खाते.

ताईकडे म्हणजे साडूंकडे. साडू दातांचे डॉक्टर. आधी गोड खायला घालायचं, मग दात भरायचे. धंदा असावा तर असा.

५ फेब्रुवारी
मला हेवा वाटत नाही, हे आधीच लिहून ठेवतो. प्रश्न तत्त्वाचा आहे. पोरीनं बापाच्या हातचं खावं. शिवाय रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे मी. मिश्रणातलं आपल्याला कोण शिकवणार?

बॅच पहिली: खजूर, शेंगदाणे, ओट्स, जवस. मिक्सर अडकला. खारू ‘मी करू? मी करू?’ म्हणत मध्ये मध्ये. बाहेर पाठवली. सगळे गोळे एकाच मापाचे झाले. देखणे.

६ फेब्रुवारी
खारूनं एक गोळा चाटून फ्रॉकच्या खिशात ठेवला. फ्रॉक वॉशिंग मशीनमध्ये गेला. गोळा जसाच्या तसा बाहेर आला. बाइंडिंग उत्तम. ही हसली. हसण्यासारखं काय आहे?

९ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी केळं, ओट्स, अंडं घालून बिस्किटं. खारू स्टुलावर चढली, उतरली, पुन्हा चढली, पिठाचं भांडं खाली. मी म्हणालो, "दोन मिनिटं एका जागी उभं राहता येत नाही का तुला?"

साधा प्रश्न होता. हिनं माझ्याकडे असं बघितलं की मी ओटा पुसायला घेतला. खारू टेबलाखाली जाऊन बसली. बिस्किटं जळली. ओव्हनचा दोष.

दुपारी मावशीकडे जायचं म्हटल्यावर टेबलाखालून सुसाट बाहेर. बापाला टाटासुद्धा नाही.

१० फेब्रुवारी
साडूंकडून डबा आला. गोळे ओबडधोबड, एक लिंबाएवढा, एक आवळ्याएवढा. आमच्याकडे असा माल गेटबाहेर गेला नसता. खारूनं घरभर फिरत फिरत तीन खाल्ले.

मी एक चाखला. फक्त तपासणीसाठी. निष्कर्ष पक्का व्हावा म्हणून आणखी दोन.

खारूला विचारलं, काका ह्यात घालतात तरी काय? म्हणाली, "गुपित आहे."

पोटची पोर, आणि गुपित एका दातवाल्याबरोबर!

११ फेब्रुवारी
योजना. साडूंचे गोळे माझ्या डब्यात, माझे त्यांच्या डब्यात. शास्त्रीय चाचणी. पोरगी डब्याचं नाव बघून खाते, हे सिद्ध करून दाखवणार.

संध्याकाळ: खारूनं माझा डबा उघडला, एक चावा घेतला आणि म्हणाली, "बाबा, हा तुझा नाही. हा मी केलाय."

चाचणी थांबवली.

साडूंना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, मला चहासुद्धा धड येत नाही. एकदा खारूपुढे खजुराची परात ठेवली आणि ‘एका जागी बस’ म्हणालोच नाही. ती मळते, गॅलरीत एक चक्कर मारून येते, पुन्हा मळते. मी नुसत्या बिया काढून देतो."

मग मला का नाही सांगितलंत?

म्हणाले, "तिनंच शपथ घातली होती. म्हणाली, बाबाला सांगू नका, मी सांडते ना, तो चिडेल."

जेवण गेलं नाही. हवामान.

१६ फेब्रुवारी, शनिवार
आज खारूला मावशीकडे पाठवलं नाही. म्हणालो, मला शिकवशील? तिनं आधी माझे हात धुतलेत का ते बघितलं. मग परात आणली. "तू बिया काढ."

काढल्या. ती मळता मळता तीनदा पळून गेली. तीनदा परत आली. वाटीभर ओट्स जमिनीवर. मी काही बोललो नाही. बोलायचं होतं, पण बोललो नाही. हिनं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. नोंद घेतली असावी.

गोळे झाले. वाकडेतिकडे. सुंदर. पहिला खारूनं तोंडात टाकला.

कट्‌.

माझी एक बी राहिली होती. हलणारा दुधाचा दात हातात आला, वर थोडं रक्त. खारू आनंदानं नाचायला लागली. मी फोन केला. कुणाला करणार? साडूंनाच. म्हणाले, घाबरू नका, तरी घेऊन या, बघतो. आणि येताना गोळे आणा.

खारूनं डबा काठोकाठ भरला. काकांसाठी. मी विचारलं, आणि मला?

म्हणाली, "तू आधी बिया काढायला शीक."