बाळाच्या न्हाणाचं पाणी

२४ जून
पणजी होणार मी! पुन्हा लिहिते — पणजी! नात मृणाली रविवारी दाभोळहून बाळंतपणाला येतेय. सातवा सरत आलाय, आठव्यात प्रवास नको. मी तिसरी नापास, पण आज एक अक्षर चुकलं नाही बघ.

पागोळीखाली पीप महिन्यापूर्वीच वळवाच्या पावसात भरून ठेवलंय. पावसाच्या पाण्याने जावळ मऊ राहतं. वर आमचं मासेमारीचं जुनं जाळं बांधलं, पाला नको पडायला. पाणी कसं — आरसा!

२६ जून
शेजारच्या दादूच्या जनीला डेंग्यू. सलाईन लावलंय. लगेच मृणालीच्या सासूचा फोन, "तुमच्याकडे ताप आहे म्हणे, राहू दे तिला इथेच." राहू दे? पहिलं बाळंतपण माहेरीच! म्हटलं, शनिवारपर्यंत आळी साफ करून दाखवते.

२७ जून
आरोग्य केंद्राच्या आशाताई आरोहीने नीट समजावलं. डास ताप आलेल्याला चावतो, आठ-दहा दिवसांनी तोच दुसऱ्याला चावून ताप देतो. चावतो दिवसाढवळ्या. अंडी घालतो साठलेल्या चांगल्या पाण्यात, गटारात नव्हे! आणि मी सकाळभर गटारावर ओरडत होते. असो.

दुपारी काठी घेऊन बंदरावर. पावसाळी मासेमारीबंदीमुळे होड्या वर ओढून शाकारलेल्या. दादूच्या होडीला सात टायर, सगळ्यांत पाणी!
"बायकोला तूच आजारी पाडलंस!" मी.
"म्हातारे, तुला बंदराची मुकादम कुणी केली गो?"
पण ओतले बिचाऱ्याने. अळी एकातही दिसली नाही. मी म्हटलं, पळाल्या असतील!

२८ जून, सकाळ
समोरच्या आत्मारामलाही ताप. आरोही टॉर्च घेऊन घरोघर फिरतेय. "आजी, तुमच्याकडे बघू?"
"बघ गो, खुशाल!" मृणालीची खोली सारवून-पुसून तयार आहे.

२८ जून, संध्याकाळ
पिपात वळवळ. जाळ्यातून बांगडा सुटत नाही, डासाला काय! ओतलं सगळं. पण उडून गेलेले डास कुठे ओतू?

दादूला जाऊन सांगितलं — तुझे टायर नव्हते, माझं पीप. जनीसाठी पेज ठेवून आले.

मग दाभोळला फोन मीच लावला. "विहीणबाई, मृणालीला धाडू नका. बाळ तिथेच होऊ दे. मला ताप नसला तर मी येते, न्हाऊ घालायला."