तक्रारीला मनाई

सोलापूर, ३ जून

ती. स्व. सिद्धम्मा आत्यास,
गुरुशांतचे सा. न. वि. वि.

कंपनीची नोकरी सोडली. नऊ वर्षं शुगरच्या गोळ्या खपवल्या, आता लोकांना बरं राहायला शिकवणार आहे. सहा रविवार मोबाइलवर शिक्षण घेतलं, प्रमाणपत्र भिंतीवर लावलं आणि वर्ग काढला. अजून एकट्या जाहिदाआपा येतात. त्या निवृत्त नर्स आहेत, त्यामुळे शिकायला येतात की मला तपासायला, ते कळत नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून तू पत्रातून शिक. तुझी शुगर पंधरा वर्षांची. तू सुधारलीस तर माझ्यावर लोकांचा विश्वास बसेल. पथ्य, चालणं आणि एक नियम: पत्रात फक्त चांगलं लिहायचं. तक्रारीने मन आजारी पडतं.

तुझ्या मायेचा हक्कदार,
गुरुशांत

मंद्रूप, ११ जून

चि. गुरुशांत यास, आत्याचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी अंगात ताप असताना तू संमेलनात नाचला होतास, तेव्हा हा धंदा तुला शोभेल. लोक हसले तर हसतील त्यांचे दात दिसतील. मी रोज मळ्यापर्यंत चालते, चहातली साखर सोडली, आणि दुसऱ्याच्या ताटातली पुरणपोळी बघून तू सांगितल्याप्रमाणे हसते. गल्लीतल्या शुगरवाल्या बारा जणींना तुझं सांगितलं. सावित्रम्मा म्हणाली, पोरगं डाक्टर न्हाय, मग शिकवतंय तरी काय? मी सांगितलं, हसायला शिकवतंय.

चप्पल लागून पायाला फोड आलाय, पण ती तक्रार होईल म्हणून लिहीत नाही.

तब्येतीला जप, आठवण ठेव.
सिद्धम्मा

सोलापूर, १ जुलै

ती. स्व. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं, फोडाचं वाक्य तेवढं गाळलं. आता एकवीस जण येतात! रविवारी येऊन तुझा फोटो काढला होता ना, तो चौकात फलकावर लागलाय. खाली लिहिलंय, पंधरा वर्षांची शुगर, एका दिवसाची कुरकुर नाही. पुढच्या महिन्यात मंद्रूपलाही वर्ग काढतो. अशीच हसत राहा.

तुझाच,
गुरुशांत

मंद्रूप, ८ जुलै

चि. गुरुशांत यास, अनेक आशीर्वाद.

आमचे हे, म्हणजे तुझे मामा, बसने जाऊन फलक बघून आले. एवढा वेळ गप्प असलेली बायको प्रथमच बघितली म्हणाले.

आनंदाची बातमी म्हणजे पाय अजिबात दुखत नाही. काल चप्पल वाटेतच निसटली, घरी येईपर्यंत मला पत्ताच नाही. फोडाला जरा वास येतो, हळद लावते. वर्गात वाचताना वास गाळ.

सगळ्यांना आशीर्वाद सांग.
सिद्धम्मा

सोलापूर, २८ जुलै

ती. स्व. आत्यास, सा. न. वि. वि.

तुला दवाखान्यातून घरी सोडताना सांगायचं राहिलं, ते आता लिहितोय. चप्पल निसटल्याचं वाचलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. जाहिदाआपा मात्र उठल्या आणि म्हणाल्या, पाय बधिर झालाय बाईंचा, नऊ वर्षं शुगरच्या गोळ्या विकूनही हे तुला कळत नाही? तसाच गाडी काढून आलो. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवसांनी पाऊल काढावं लागलं असतं. पायाच्या करंगळीवर भागलं, पण ती माझ्यामुळे गेली. फलक उतरवला. वर्गही बंद करतोय.

क्षमा मागायचीही लाज वाटते.
गुरुशांत

मंद्रूप, ५ ऑगस्ट

चि. गुरुशांत यास, आत्याचे आशीर्वाद आहेतच.

सगळा दोष एकट्याने घेऊ नकोस. जखम मला दिसत होती. माझ्यामुळे तुझ्या वर्गातलं एक माणूसही कमी होऊ नये म्हणून मी गोड गोड लिहीत गेले. आपल्या घरात पाहुणा उपाशी असला तरी जेवून आलो म्हणतो, तशातली ही माया.

पण मला रागही आलाय, तो लिहिते. फोटो काढायला आलास तेव्हा पाया पडलास. फोड तुझ्या कपाळापासून चार बोटांवर होता. तुला तो दिसला नाही, कारण उठून उजेड कुठून येतो ते बघायची तुला घाई होती. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

वर्ग बंद करायचा नाही. सोमवारी जाहिदाबाईंना घेऊन ये. बारा जणींना सांगून ठेवलंय, पाय धुऊन कट्ट्यावर बसतील. कुणाला हसायला सांगू नकोस. खाली बस आणि एकेकीचा तळवा बघ.

माया होती तेवढीच आहे.
सिद्धम्मा