हेच शरीर

५ जून
पाद्री घडवणाऱ्या या विद्यालयात आज रुजू झालो. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती विचारवंतांचं तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकवायचं. खोली वरच्या मजल्यावर, उजेड भरपूर. विद्यार्थी नऊच, पण शिपाईमामा म्हणाले, ही मंडळी देवाचीसुद्धा उलटतपासणी घेतील. बायको गेल्यापासून चार महिन्यांत आज पहिल्यांदा हसलो.

इथली रीत अशी: दर सोमवारी विद्यार्थी बिननावाच्या चिठ्ठ्यांवर शंका देतात. मास्तरांनी आधी दोन्ही बाजू मांडायच्या, मग उभं राहून स्वतःचा निर्णय एका वाक्यात द्यायचा. सगळा वर्ग तो मोठ्यानं म्हणतो.

९ जून
चिठ्ठ्या दहा निघाल्या. दहावीतला प्रश्न: मृत उठतील तेव्हा शरीर कोणतं असेल? अक्षर तिच्यासारखं, डावीकडे कललेलं. असतात अशी अक्षरं.

जुन्या विचारवंतांत यावर मोठा वाद. काही म्हणत, हेच शरीर, हाडाला हाड जुळून. काही म्हणत, नवं, तेजाचं. दोन्ही बाजू मांडायला हव्या होत्या. मी एकच मांडली. म्हणालो, हेच शरीर, जसं आहे तसं. नऊ जणांनी म्हटलं.

१६ जून
पुन्हा दहा. त्याच अक्षरात: कधी?
युगाच्या अंती, हे साधं उत्तर. मी म्हणालो, कुणी मनापासून बोलावलं तर आजही. एक जण कुजबुजला, सर आज फॉर्मात आहेत. वर्गानं वाक्य म्हटलं. आवाज नऊपेक्षा जास्त वाटले.

१९ जून
मेहुणीचा फोन. म्हणाली, भावजी, घाबरू नका, पण ताईच्या कबरीची माती खचलीय. कुत्र्यांनी उकरलं असेल म्हणतात. पण माती आतून बाहेर ढकलल्यासारखी पडलीय.

२१ जून
शिपाईमामा सांगत आले, तुमच्या घरच्या बाई दुपारी फाटकाशी होत्या. विचारलं तर नुसतं तुमच्या खोलीकडे बोट केलं. फार रुसल्यात वाटतं, सर, पदर तोंडावरून काढेनात. मग हसू थांबवून म्हणाले, बाईंना बरं नाहीये का? वास येत होता.

जसं आहे तसं, म्हणालो होतो. चार महिने मातीत — मी विचारच केला नाही.

२३ जून, सकाळ
सोमवार. दिलेला निर्णय वर्गातच मोडता येतो. नवं वाक्य, नऊ तोंडं, बस. दहाला तास आहे. जीभ अडखळू नये म्हणून इथं लिहून ठेवतो.

माझा विश्वास आहे की ती —

जिन्यावर पावलं. हळू. मी झोपलेला असलो की टाकायची, तशी. वास आधी पोचला.

माझा विश्वास आहे की मेलेले परत ये —

दाराशी थांबली. दम लागलाय. इतक्या लांबून, चालत —

लिहायलाच हवं. परत येत ना —

नाही. थकली असेल. आधी तिला बसायला खुर्ची